स्कॅनर बोलत नाही, म्हणून ईसीएम गेला असे नव्हे

आम्ही कापडाचे व्यापारी. टेम्पो अडला की माल गोदामातच राहतो, म्हणून घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गावरील मेकॅनिक बांधवांकडे आमची उठबस. तेथे एक तक्रार नेहमी कानावर येते: स्कॅनर लावला, गाडीशी संपर्कच होत नाही. लगेच निदान होते, ईसीएम गेला! गिऱ्हाइकाला हजारोंचा फटका.

कारागीर भावांनी आधी तोच स्कॅनर दुसऱ्या चांगल्या गाडीला लावून पाहावा. तेथे चालला तर दोष या गाडीत. मग मल्टिमीटर घ्यावा. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 16 नंबरला बॅटरीचा करंट, 4 व 5 ला अर्थ. करंट नसेल तर फ्यूज पाहा. पुष्कळ गाड्यांत तो सिगारेट लायटरचाच असतो. चार पैशांचे काम!

करंट आहे, तरी गाडी गप्प? बॅटरीची तार काढून 6 व 14 मध्ये ओहम मोजा. सुमारे 60 आले तर कॅनची मुख्य जोडी बहुधा शाबूत. 120 म्हणजे तार कोठेतरी तुटली किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेला. शून्याजवळ म्हणजे दोन तारा चिकटल्या. बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा जीपीएस असेल तर तो आधी सोडवून पाहा. जुन्या गाड्यांत कॅन नसून 7 नंबरची के-लाइन असते, तेथे हे माप लागू नाही.

पावसाळ्यात पायपुसण्याखाली पाणी साचते, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. त्या साफ करून, ईसीएमचा स्वतःचा फ्यूज व अर्थ तपासूनच मोठ्या खर्चाची गोष्ट काढावी.