घरी राहिली तिची वारी

॥ राम कृष्ण हरि ॥

संतसज्जनहो, वारकऱ्याची लक्षणे कोणती, असे कोणी विचारले तर आपण चटकन् सांगतो : गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन-बुक्का, एकादशीचा उपवास, मुखी नाम, आणि वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी. यातली पहिली चारही जिच्या अंगी पुरेपूर होती, पण पाचवे जिच्या हातून घडले नाही, तिला वारकरी म्हणावे की नाही? वरवर पाहता हा नुसता शब्दाचा वाद वाटेल. आमच्या बाबतीत तो तसा नव्हता. तो प्रश्न आमच्याच घरात, आमच्या आजीच्या रूपाने, चुलीपाशी बसलेला होता. आणि कीर्तनकार होऊनही आम्हांला तो दिसला नाही. या पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आमचे गाव पळसदरी. कर्जतेहून खोपोलीस जाणाऱ्या गाडीचे पहिलेच स्टेशन. खोपोलीची ही वाट १८५६ साली सुरू झाली. पुढे १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि पळसदरीहून दोन वाटा फुटल्या : एक खोपोलीस, दुसरी घाट चढून लोणावळ्यास व पुढे पुण्याकडे. आज तलाव आणि श्रीस्वामी समर्थांचा मठ यांमुळे पुष्कळांना हे नाव ठाऊक आहे. आमच्या लहानपणी भाताची खाचरे, पळसाची झाडे आणि घाटात घुमणारी गाडीची शीळ एवढेच आमचे गाव. तेव्हा जिल्ह्याचे नावही कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले.

घाटावरच्या भाविकांना एक गोष्ट सांगावयास हवी. आषाढी म्हणजे आम्हां कोकणच्या शेतकऱ्यांचे ऐन आवणीचे दिवस. गुडघाभर चिखलात उभे राहून भाताची रोपे लावावयाची. ते आठ-पंधरा दिवस हुकले तर वर्षाचे अन्न हुकले. कार्तिकी येते तो कापणी-झोडणी चालू. म्हणून आमच्याकडील पुष्कळ घरांनी माघीची वारी धरलेली असे. आमच्या आजोबांनीही तीच धरली, आणि एकतीस वर्षे ती चुकू दिली नाही. गावात त्यांना 'वारकरीबुवा' म्हणत. आजीला कोणी तसे म्हणत नसे.

आजी का गेली नाही, याचे उत्तर एका वाक्यात सांगता येत नाही, कारण ते दर वर्षी निराळे होते. तिच्या सासूबाईंचे अर्धे अंग लुळे पडले. त्या नऊ वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांना उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, भरवणे हे सगळे आजीकडे. त्यानंतर लेकींची बाळंतपणे, त्यानंतर सुनांची. गोठ्यात दोन गाई. तरीही तिने वारीचा संकल्प सोडला नव्हता. फडताळात पत्र्याचा एक डबा होता. दूध-अंडी विकून आलेल्या पैशांतला आणा-दोन आणे त्यात पडे. तो डबा वारीचा. त्याला कोणी हात लावावयाचा नाही.

१९६९ च्या माघात अखेर जुळून आले. सासूबाई निवर्तल्या होत्या, सुना हाताशी आल्या होत्या. आजीने लुगडे, पडशी, टाळ सगळे बांधून ठेवले. निघावयाच्या पहाटे आम्हांला ताप भरला. आमचे वय नऊ वर्षांचे. आई होती, काकू होत्या, आजोबा म्हणाले, "त्या बघतील, तू चल." आजीने आमच्या कपाळावर हात ठेवला आणि गाठोडे सोडले. तो विषमज्वर निघाला, एकवीस दिवसांनी उतरला. डब्यातले पैसे कर्जतेच्या डॉक्टरांकडे गेले. आजोबा प्रसाद घेऊन आले तेव्हा तिने तो आधी आमच्या जिभेवर ठेवला.

हे सगळे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक असून कळले नव्हते, हेच सांगावयाचे आहे.

पुढे आम्ही पाठशाळेत गेलो. अमरकोश, लघुकौमुदी, गीता शांकरभाष्यासह, ज्ञानेश्वरी असा क्रम झाला. १९८२ साली गावच्या सप्ताहात आमचे पहिले मोठे कीर्तन ठरले. विद्या ताजी, आवाज तरणा, आणि अहंकार दोहोंपेक्षा मोठा. आम्ही वारीचे माहात्म्य लावले आणि भरात येऊन सांगितले की, ज्याने पंढरी पाहिली नाही त्याचा मनुष्यजन्म फुकट गेला. टाळ्या पडल्या. समोर खांबाला टेकून आजी बसली होती. तीही टाळी वाजवीत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आमच्या आंघोळीचे पाणी काढले आणि म्हणाली, "काल चांगला बोललास, बाला. येक इचारू? देव इटेवर उभा रायला, तो कोनासाठी रे?"

आम्ही म्हणालो, "पुंडलिकासाठी."

"आन् पुंडलिक तवा कुठं गेलेला?"

"कुठे गेला नव्हता. घरीच होता. आईबापांचे पाय चेपीत होता."

"मंग?" एवढेच ती म्हणाली, आणि गाईला वैरण घालावयास गेली.

वाचकहो, पाठशाळेत आमच्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले होते आणि त्यांची उत्तरेही आम्ही दिली होती. या 'मंग'ला उत्तर नव्हते.

पुंडलिकाची कथा आपल्या सर्वांस पाठ आहे. पण पाठ असलेल्या गोष्टीकडेच लक्ष कमी जाते. पुंडलिक प्रथम कोण होता? यात्रेकरू होता. आईबापांची हेळसांड करून तो काशीस निघाला होता. वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले : ज्या गंगा-यमुनांच्या दर्शनास हा चालला, त्या स्वतःच मातापित्यांची सेवा करणाऱ्या त्या ऋषीच्या अंगणात सडासंमार्जन करीत होत्या. पुंडलिक परतला. म्हणजे ज्याच्यामुळे पंढरी झाली, त्याची भक्ती यात्रा सोडून घरी परतण्यापासून सुरू झाली! भगवंत भेटीस आले तरी त्याने हातातले पाय सोडले नाहीत. वीट भिरकावली आणि थांबावयास सांगितले. देव रागावला नाही. थांबला. आपण जे रूप डोळे भरून पाहतो, ते सेवा पुरी होईपर्यंत वाट पाहणाऱ्या देवाचे रूप आहे.

ज्ञानेश्वरीचे प्रमाणही हेच सांगते. शके १२१२ मध्ये नेवाशास झालेल्या त्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, गीतेच्या सेहेचाळिसाव्या श्लोकावर बोलताना माउली सांगतात की, सर्वात्मक ईश्वराची खरी पूजा आपापल्या कर्माच्या फुलांनी होते. फूल म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेले काम. आजीच्या वाट्यास सासूबाईंचे अंथरूण आले. तिने तेच वाहिले.

शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांचे चरित्र पाहा. आईवडील लहानपणीच गेले. पैठणास त्यांना वाढविले ते आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी. बाळ एकनाथ न सांगता देवगिरीस जनार्दनस्वामींकडे निघून गेले, तेव्हा त्या दोन वृद्धांची काय अवस्था झाली असेल! गुरूंनी नाथांना अखेर कुठे पाठविले? अरण्यात नव्हे. पैठणास, त्याच वृद्धांकडे. आणि गृहस्थाश्रम करावयाची आज्ञा दिली. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत संतपदास पोहोचल्या. बहिणाबाईंनी (१६२८–१७००) संसार न टाकता तुकोबारायांना गुरू केले. आपल्या संप्रदायाने घराला कधी परके मानलेले नाही.

आता पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणेल, "महाराज, घरी राहूनच वारी घडत असेल तर चालावयाचे कशाला? सगळेच घरी बसतील." आक्षेप योग्य आहे. उत्तर असे की, जाता येत असून न जाणे हा आळस, आणि जावेसे वाटत असून दुसऱ्याच्या दुःखासाठी राहणे ही सेवा. दोहोंची परीक्षा सोपी आहे : घरी राहिलेल्याचा नेम पाहावा. आजीची एकादशी कधी चुकली नाही. तिन्हीसांजेस तुळशीपुढे दिवा आणि हरिपाठ. हरिपाठ तिने ऐकून पाठ केलेला, कारण तिला अक्षरओळख नव्हती. कार्तिकात बोरघाट चढून आळंदीस जाणाऱ्या दिंड्या खोपोलीच्या वाटेस लागत. जी दिंडी आमच्याकडे टेकेल तिला तांदळाची भाकरी आणि पिठले. त्या दिवशी ती वारकऱ्यांच्या पायांना कोमट पाणी घाली आणि एकेकाला विचारी, "चालवतंय ना?" वारीची ओढ नसती तर हे घडले असते काय?

आमच्या पळसदरीचाच एक दृष्टांत सांगतो. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतेस थांबते. तिथे तिच्या मागे आणखी इंजिने जोडतात. बोरघाटाचा चढ पुढच्या एका इंजिनाला झेपणारा नव्हे. मागची इंजिने ढकलतात तेव्हा गाडी चढते. लोणावळा आले की ती सुटतात आणि निमूट खाली येतात, पुढच्या गाडीसाठी. प्रवाशांना त्यांची आठवणही राहत नाही. आजोबांच्या एकतीस वाऱ्या आम्ही कीर्तनातून पुष्कळदा सांगितल्या. मागून ढकलणारे कोण होते, हे आम्ही सांगितले नाही.

आणखी एक चूक कबूल करतो. आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. त्यात विठोबा कधी तिचा भाऊ होई, कधी बाप; रुक्मिणी रुसे, आजी तिची समजूत घाली. आम्ही पाठशाळेतून सुट्टीत आलो की त्या ओव्यांतले अशुद्ध शब्द सुधारून देत असू! पुढे गावात पिठाची गिरणी आली, जाते पडवीत गेले, आणि ओव्या थांबल्या. हेमा रायरकर आणि गी प्वातवॅं या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या आजीची त्यात एकही नाही. आमच्याकडे कागद होता, दौत होती, घरातच बसून ऐकत होतो. आम्ही शुद्धलेखन तपासले. लिहून मात्र घेतले नाही.

१९८४ च्या माघात आम्ही तिला पंढरीस नेले. आजोबा तोवर निवर्तले होते. कुर्डुवाडीस उतरून तेव्हा छोट्या गाडीने पंढरपुरास जावे लागे. चंद्रभागेत स्नान झाले. रिवाजाप्रमाणे आधी वाळवंटात पुंडलिकाच्या देवळात गेलो. तिथे ती इतका वेळ हात जोडून उभी राहिली की मागच्या बाया कुरकुरू लागल्या. मग नामदेव पायरी, मग रांग. पायांवर डोके ठेवावयास जेमतेम दोन क्षण मिळाले. बाहेर आल्यावर आम्ही विचारले, "आजी, काय मागितलेस?" ती म्हणाली, "मागायचं काय? बरा दिसला." जसे दूरच्या भावाला पाहून आल्यावर म्हणतात तसे. आणि लगेच, "आता चल, धाकटीचे दिवस भरत आलेत."

तेवढीच तिची वारी. १९९१ च्या मार्गशीर्षात, एकादशी सोडून द्वादशीच्या दुपारी ती गेली. गळ्यातली माळ आम्ही तशीच ठेवली.

या पाठातून आचरणात आणावयाच्या तीन गोष्टी सांगतो. पहिली : वारीहून आल्यावर बुक्का आणि प्रसाद आधी त्याला द्यावा, ज्याने घर सांभाळले, त्याच्या पाया पडावे, वय न पाहता. दुसरी : घरी राहणाऱ्याने नेम सोडू नये, नेमावाचून सेवा कोरडी होते. तिसरी गोष्ट पुरुषांनी नीट ऐकावी. पाय चेपीत बसला होता तो पुंडलिक मुलगा होता. सून नव्हे, सासुरवाशीण नव्हे. वारी एकाने करावयाची आणि आजाऱ्याचे अंथरूण जन्मभर एकीनेच काढावयाचे, हा न्याय पुंडलिकाच्या कथेत कोठेही नाही. यंदा तिला पाठवा, आणि तुम्ही राहा. आमच्या आजोबांनी एकतीसांतली एक वारी तिला दिली असती, तर त्यांच्या तीस वाऱ्या उणावल्या नसत्या. आमच्या अल्पमतीप्रमाणे वाढल्याच असत्या. हे त्यांचे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. ते आमचे दैवतच. पण आजीच्या 'मंग'चे जे उत्तर आम्ही तेव्हा दिले नाही, ते हेच.

तेव्हापासून वारीच्या कीर्तनात आम्ही आधी एक प्रश्न करतो : "तुम्ही येथे आलात, मग तुमच्या घरी आज कोण राहिले आहे?" सभा क्षणभर गप्प होते. त्या गप्प झालेल्या क्षणी प्रत्येकाला जे कोणी आठवते, त्याच्या नावाने मग आम्ही जयघोष करतो.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!