तमाशाची रीत

जत्रेत तमाशाचा फड उभा राहतो. ढोलकी कडाडते. हलगी, तुणतुणं, झांज साथ धरतात. आता काय येणार? जुनं जाणतं माणूस डोळे मिटून सांगेल, "आता गण!"

त्याला हे कसं कळलं? त्याला तमाशाची रीत ठाऊक आहे. पहिला गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. गवळणींबरोबर मावशी असते. तिचं काम पुरुषच करतो. पुढं बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग. वग म्हणजे नाटकासारखी करून दाखवलेली गोष्ट.

प्रत्येक कलेला अशी रीत असते. कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. पोवाडा ऐकायला बसलं, की आपण शूराचा पराक्रम ऐकायला कान टवकारतो.

रीत म्हणजे करणारा आणि पाहणारा यांच्यातला करार. तमाशात रान नाही, घोडा नाही. राजा एक फेरी मारतो आणि म्हणतो, "प्रधानजी, आलो आपण रानात." आपण ते मानतो. "खोटं बोलतो" असं कुणी म्हणत नाही.

या कराराचा मोठा उपयोग आहे. वगात सोंगाड्या राजाला तोंडावर टोमणा मारतो. खऱ्या कचेरीत शिपाई साहेबाला असं बोलेल काय? सोंगाड्याला ती मुभा रीतीनंच दिली. म्हणून गरिबाचं गाऱ्हाणं फडात मोठ्यानं बोलता येतं.

रीत बदलतेही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी गणात मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केलं. गवळण गाळली. ढोलकी आणि विनोद मात्र ठेवला. लोकांना बदल चटकन कळला, कारण जुनी रीत त्यांना पाठ होती. नवी गोष्ट ओळखीच्या वाटेनं आली, म्हणून ती मनात शिरली.

तेव्हा मंडळी, पुढचा तमाशा नुसता पाहू नका. कोणती रीत पाळली, कोणती मोडली आणि का मोडली, हेही पाहा.

प्रश्न
१. तमाशात गणानंतर काय येतं?
२. सोंगाड्याला कोणती मुभा असते?
३. तुमच्या गावच्या भजनाची रीत चार ओळींत लिहा.