टोकियोत घर मांडताय? एकदा माशिकोला जाऊन या

जपानमध्ये उतरल्यावर पहिल्या आठवड्यात हाताला येतील त्या वाट्या-ताटल्या घेऊन आपण संसार मांडतो. निशी-कासाईत स्थिरावलेल्या आमच्या मराठी घरांचं नव्यांना एकच सांगणं आहे: रोजची भांडी घ्यायला थोडं थांबा. टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात माशिको हे कुंभारांचं गाव आहे, ती तिथून आणा.

गाव मूळचं स्वयंपाकघराचं
१८५३ साली ओत्सुका केइझाबुरो यांनी इथे पहिली भट्टी लावली. हे काम ते शेजारच्या कासामात शिकले होते. इथून पाण्याचे रांजण, खल आणि चहाच्या किटल्या राजधानीच्या घराघरांत जात. १९२४मध्ये कुंभार हामादा शोजी इथे आले आणि गावाचं नाव जगभर झालं. त्यांचं संग्रहालय सगळे बघतात. मिनागावा मासू या बाईंचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. लहानपणापासून त्या किटल्यांवर डोंगर आणि पाणी रंगवत, दिवसाला शेकडो. त्यांचा हात न थबकता चालायचा.

दुसरी गोष्ट निळीची. गावातल्या हिगेता रंगशाळेत जमिनीत पुरलेले ७२ रांजण आहेत आणि त्यांत नीळ आंबवली जाते. मुलांना हे जरूर दाखवा.

तिसरी गोष्ट कदाचित तुमच्या हाती आधीच आली असेल. गुन्मा प्रांतातल्या योकोकावा स्टेशनवर १९५८पासून भाताचा डबा तपकिरी मातीच्या भांड्यात विकतात. ते भांडं माशिकोचं. भातात कोंबडी असते, शाकाहारींनी लक्षात ठेवावं. रिकामं भांडं टाकू नका. जाड बुडामुळे ऊब टिकते आणि थंडीतही दही छान लागतं.

कधी, कसं जायचं
वसंतात गोल्डन वीकच्या सुट्टीत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे भांड्यांची जत्रा भरते. १९६६ साली ती सुरू झाली, आता पाचशेच्या वर तंबू लागतात. सकाळी लवकर पोचा आणि रोख येन जवळ ठेवा. अकिहाबाराहून थेट बस आहे. मुलं बरोबर असतील तर शनिवार-रविवारी शिमोदातेहून मोओका रेल्वेची वाफेची गाडी धरा.

वाटी निवडताना
माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा. आवाज बद्द आला तर तडा आहे. मग वाटी उलटी करून बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवा. इथली माती भरड असते. कड खरखरीत लागली तर घरी बारीक पॉलिश कागदाने घासा, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतील.

घरी आणल्यावर
नवं भांडं तांदळाच्या धुवणात मंद आचेवर उकळा आणि त्यातच गार होऊ द्या. मातीची छिद्रं बुजतात. याला इथे 'मेदोमे' म्हणतात. पुढेही आमटी वाढण्याआधी वाटी पाण्यातून काढत जा, म्हणजे हळद-तेल आत कमी मुरतं. धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका, बुरशी धरते.

पहिल्या फेरीत सगळा संच घेऊ नका. माणशी एकच वाटी घ्या, ज्याची त्याने निवडलेली. आमच्या मुलांना आपापली वाटी ओळखता येऊ लागली, त्या दिवसापासून भाड्याची ती खोली आम्हाला घर वाटू लागली.