पात्याच्या चिरेत लांबी भरण्याआधी

पायपर जे-३ कब या दोन आसनी विमानाला बसणारा लाकडी प्रोपेलर ७२ इंचांचा असतो आणि मिनिटाला २३०० फेऱ्या मारतो. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २२० मीटर धावते. त्या टोकावर एक ग्रॅम वजन वाढले, तर ते पाच किलोहून जास्त जोराने बाहेर ओढते. जुना प्रोपेलर दुरुस्तीला घेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. पॉलिश पेपर मग हातात घ्यावा.

माझ्या ओळखीच्या, ओहायोत राहणाऱ्या एका विमानवेड्या मराठी अभियंत्याने हा क्रम उलटा केला. जुन्या सामानाच्या विक्रीत त्याला असा प्रोपेलर मिळाला. वार्निश उडालेले, पात्याच्या पुढच्या कडेवर बसवलेल्या पितळी पट्टीलगत एक बारीक चीर. त्याने चिरेत लांबी भरली, मशीनने दोन्ही पाती घासली, वर आरशासारखे वार्निश चढवले. विमानाला लावण्याआधी तंत्रज्ञाने लांबी खरवडली, तेव्हा चीर लाकडाच्या रेषांना आडवी गेलेली निघाली. आडव्या चिरेला इलाज नाही, प्रोपेलर बाद. निदान दिवाणखान्यात टांगावा म्हटले, तर घासताना पात्यावरचे कारखान्याचे जुने चिन्हही गेले होते. संग्राहकाच्या दृष्टीने खरी किंमत त्याचीच.

म्हणून पहिला निर्णय हा, की प्रोपेलर उडवायचा आहे की टांगायचा. टांगायचा असेल तर जितके कमी कराल तितके चांगले. पहिल्या महायुद्धातल्या अक्रोड आणि महोगनीच्या प्रोपेलरांच्या हबवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, इंजिन, व्यास आणि पिच यांचे ठसे असतात. ओळख पटते ती त्यांवरूनच. मऊ ओलसर फडक्याने धूळ पुसावी आणि थांबावे. हत्यारांच्या खुणाही राहू द्याव्यात. राइट बंधूंनी १९०३ चे साडेआठ फुटी प्रोपेलर स्प्रूसचे थर चिकटवून हातानेच तासले होते. अशा खुणा पुसून टाकणे मला तरी अक्षम्य वाटते.

उडवायचा असेल, तर घरच्या कामाची हद्द फार लवकर संपते. आडवी चीर, सुटलेले आतले थर, लांबट झालेली बोल्टची भोके, वाकलेले पाते यांपैकी काहीही दिसले, तर तो विमानाला लावू नये. बाकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कार्यशाळेतच व्हावी. दोन्ही पात्यांचा आकार आणि वजन जुळवणे हे तिथले खरे कौशल्य. वारा नसलेल्या बंद खोलीत प्रोपेलर धारेवर तोलतात आणि हलक्या बाजूला वार्निशचा हात किंवा टोकाशी थोडे डाख देतात. पितळी पट्टीच्या टोकाशी बारीक भोके असतात. लाकडातला ओलावा फिरताना तिथून बाहेर फेकला जातो. वार्निश लावणाऱ्या हौशी माणसाला ती दोष वाटतात, आणि तो नेमकी तीच बुजवतो.

मात्र सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते हबच्या बोल्टांकडे. इंजिनाचा जोर लाकडापर्यंत पोचतो तो मुख्यतः हब आणि इंजिनाच्या दांड्यावरची धातूची तबकडी यांच्यातल्या घर्षणाने. बोल्टांचे काम ती पकड टिकवण्याचे. ओहायोच्या कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसते आणि पकड सैल होते. मग हब तबकडीवर घसरतो, लाकूड करपते, भोके लांबट होतात, शेवटी बोल्ट तुटतात. दमट उन्हाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा उलट बोल्टांचा दाब लाकडाला चेचतो. त्यामुळे नवा प्रोपेलर बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढे ऋतू पालटला की टॉर्क पान्याने ताण तपासावा. किती ताण हवा, ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. अंदाजाने पाना आवळू नये.

विमान उभे करताना पाती आडवी ठेवावीत. उभी राहिली तर ओलावा खालच्या पात्यात उतरतो, ते पाते जड होते आणि पुढच्या उड्डाणात इंजिन थरथरू लागते.