आपल्या जिल्ह्यांतील दोन चंडोल

महाबळेश्वरीं वर्षाकाठीं 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून पूर्वेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर असलेल्या म्हसवडास तो जेमतेम 500 च्या आसपास. सांगलीकडील आटपाडी व जत या तालुक्यांची स्थितीहि बहुतेक तीच. इतक्या थोड्या अंतरांत ओलें रान व कोरडा माळ असा तीव्र भेद फार थोड्या प्रदेशांत आढळेल. या भेदाप्रमाणें पिकें बदलतात, घरांचीं छपरें बदलतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पक्षीहि बदलतात, ते कसे व कां, याचा थोडा विचार येथें करूं.

उदाहरण चंडोलाचें घेऊं. कासच्या पठारावर डोक्यास तुरा असलेला जो चंडोल दिसतो तो मलबारी चंडोल. तो अंगानें किंचित् मोठा, छातीवर ठळक काळसर रेघा असलेला व पोटाशीं पांढुरका असतो. माण, आटपाडी, जत येथील माळांवरचा तुरेवाला चंडोल चणीनें लहान. त्याचें पोट तांबूस असतें व छातीवरील रेघा बारीक व थोड्या. या दुसऱ्यास शास्त्रीय नांव दिलें तें कर्नल साइक्स यांनीं. मुंबई सरकारच्या नोकरींत असतांना त्यांनीं दख्खनचे पक्षी गोळा केले आणि 1832 सालीं त्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झाली. मलबारी चंडोलाचें नामकरण त्यापूर्वींच, 1786 सालीं, झालें होतें. दोघेहि तुरेवाले, दोघेहि जमिनीवर घरटें करणारे, एकाच घराण्यांतले. तरी जाति दोन.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तांबड्या मातींत राहून राहून पक्षी तांबूस झाला असावा. ती खरी नव्हे. उन्हांत काम करून काळवंडलेल्या शेतकऱ्याचें मूल कांहीं त्यामुळें काळें जन्मत नाहीं. खरा प्रकार निराळा आहे. एकाच घरट्यांतील पिलेंहि अगदीं एकसारखीं नसतात. एखादें थोडें तांबूस, एखादें थोडें गडद. हे भेद आईबापांकडून आलेल्या जनुकांमुळें पडतात, आणि जनुकांत अधूनमधून आपोआप लहानसहान फेरफार होत असतात. ते गरज पाहून होत नाहींत. माळावर ससाणा व शिक्रा घिरट्या घालीत असतात. ज्याचा रंग मातींत मिसळून जातो तो त्यांच्या दृष्टीस कमी पडतो, अधिक दिवस जगतो व अधिक पिलें वाढवितो. हीच चाळणी हजारों पिढ्या चालली म्हणजे सगळा थवाच मातीच्या रंगाचा होतो. यासच नैसर्गिक निवड म्हणतात. निवड करणारा येथें कोणी नाहीं. मरण हीच चाळणी.

ही चाळणी माणसाच्या डोळ्यांदेखत चालतांना पाहिली गेली आहे. पॅसिफिक महासागरांतील गालापागोस बेटांपैकीं डॅफ्ने या चिमुकल्या बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्यानें 1973 पासून तेथील फिंच पक्ष्यांच्या चोंची मोजून ठेविल्या. 1977 सालीं तेथें पाऊस अगदींच थोडा पडला. मऊ, बारीक बी संपलें. उरलीं तीं मोठीं, कठीण बियें. त्यांत आपल्या गोखरूच्याच जातभाईचीं कांटेरी फळें होतीं. माणदेशांत अनवाणी चालणाऱ्या मुलास गोखरूची ओळख करून द्यावयास नको! तें फळ फोडण्यास जाड चोंचच हवी. मध्यम चणीच्या फिंचांपैकीं बहुसंख्य त्या वर्षीं मेले. वांचले ते मुख्यतः जाड चोंचीचे, आणि त्यांची पुढील पिढीहि जाड चोंचीची निपजली. पुढें 1983 सालीं अतिवृष्टि होऊन बारीक बी मुबलक झालें, तेव्हां पारडें लहान चोंचीकडे फिरलें. निवडीस ठरलेली दिशा नसते, हें यावरून दिसून येतें.

परंतु नुसत्या निवडीनें एका जातीच्या दोन होतीलच असें नाहीं. दोन थवे एकमेकांत मिसळत राहिले तर जनुकेंहि मिसळत राहतात. चिरक पक्षी पहा. उत्तर हिंदुस्थानांत नराची पाठ तपकिरी, दक्षिणेंत काळी. आणि अहिल्यानगरपासून (पूर्वींचें अहमदनगर) गोदावरीच्या मुखापर्यंतच्या पट्ट्यांत मधल्या रंगाचे नर आढळतात. मध्यें आडकाठी नसल्यानें ती एकच जाति राहिली. आपले जिल्हे या पट्ट्याच्या दक्षिणेस पडतात. सुटींत खानदेशांत आजोळीं जाणाऱ्यांनीं तेथील व येथील चिरकांच्या पाठी ताडून पाहाव्या.

आडकाठी असली म्हणजे काय होतें, हें सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे दिसतें. निलगिरी व पळणी येथील उंच थंड रानांत शोलाकिली नांवाचे लहान निळसर पक्षी राहतात. मधली पालघाटची उष्ण, सखल खिंड ते ओलांडीत नाहींत. पूर्वीं पुष्कळ पंडित त्यांस एकच जाति मानीत. संशोधकांनीं त्यांच्या रक्ताच्या थेंबांतील जनुकें ताडून पाहिलीं, तेव्हां खिंडीच्या दोन बाजूंचे वंश फार प्राचीन काळीं विभक्त झाल्याचें दिसलें, आणि 2017 सालीं त्यांसाठीं शास्त्रांत नवें नांव योजावें लागलें.

आतां पुन्हां माळाकडे. टेंभू व म्हैसाळ योजनांचें पाणी आटपाडी-जतकडे पोंचलें, याचा आनंद ज्यानें दुष्काळ भोगला त्यासच विचारावा. त्याविरुद्ध आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. पण कागदोपत्रीं माळास 'पडीक' म्हणण्याची जी रीत आहे ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या गवताळ मुरमाड जमिनींत कधींच रान नव्हतें तेथें झाडें लावून ती 'सुधारली' असें मानतात, आणि चंडोलाचें घरटें जातें. कासचा चंडोल त्याच्या जागीं उतरून काम भागवील असें नाहीं. त्याचा रंग, त्याची चण दुसऱ्याच पावसानें चाळलेली आहे.