दफ्तरखान्यात इंटर्नशिप: खर्च किती, तयारी कोणती?

कलेचा इतिहास शिकणाऱ्या बोरिवली-मुलुंडच्या विद्यार्थ्यापुढची अडचण उघड आहे. इंटर्नशिप बहुधा बिनपगारी आणि कागदपत्रे बहुतेक दक्षिण मुंबईत. तरीही नीट आखणी केली, तर हे काम आवाक्यातले आहे.

कुठे जायचे?
काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेख संचालनालय आहे. 1821 मध्ये सुरू झालेल्या मुंबई रेकॉर्ड ऑफिसचा हा वारसा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झाले. त्याचा सरकारी पत्रव्यवहार इथे शिक्षण खात्याच्या दप्तरात सापडतो. टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय हेही पर्याय आहेत. विषय घराजवळचा हवा असेल, तर रविवर्मा यांचा छापखाना घ्या. मळवलीला जाण्यापूर्वी तो काही काळ घाटकोपरला होता.

प्रवास
4 श्रेयांकांची इंटर्नशिप म्हणजे 120 तास. रोज सहा तास धरले, तर 20 दिवस. सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद, म्हणजे चार आठवडे लागतील. बोरिवली ते चर्चगेट किंवा मुलुंड ते सीएसएमटी हे सेकंड क्लासचे तिकीट 15 रुपये, म्हणजे जाऊन-येऊन महिन्याला 600. अंधेरी-घाटकोपरहून 10 रुपये, म्हणजे 400. मासिक पास काढलात, तर बोरिवलीकरांचा जवळपास निम्मा खर्च वाचतो. लक्षात ठेवा, विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. कॉलेज पार्ल्याला असेल, तर पुढच्या प्रवासाचे तिकीट वेगळे. मेट्रो 3 ने हुतात्मा चौकात उतरता येते, पण तिचे सर्वाधिक भाडे 70 रुपये आहे. रोजच्यासाठी लोकलच बरी.

इतर खर्च (अंदाजे)
- वही, पेन्सिली, मास्क: 300 रुपये
- झेरॉक्स आणि प्रती: 500 रुपये
- बाहेरचे जेवण: रोज 120 प्रमाणे 2,400 रुपये

पास धरून डबा नेणाऱ्याचे हजार-बाराशेत भागते. बाहेर जेवलात, तर खर्च साडेतीन हजारांच्या घरात जातो.

वाचनकक्षात
कॉलेजचे शिफारसपत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवा. शाईचे पेन बाहेरच राहू द्या, टिपणे पेन्सिलीने घ्या. मागणीच्या चिठ्ठीवर खाते, वर्ष आणि खंड क्रमांक लिहावा लागतो, म्हणून सूची आधी चाळा. खंड हाती आला, की मजकुराआधी खंड आणि पान क्रमांक टिपून ठेवा. त्याशिवाय ते टिपण प्रबंधात वापरता येत नाही. पाने ठिसूळ असतात, ती कोपऱ्याला धरून सावकाश उलटा. फोटो किंवा प्रतीची परवानगी आणि दर पहिल्याच दिवशी विचारा. जुन्या मराठी कागदांसाठी मोडी लिपी यावी लागते. पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण वर्ग घेते.

घरबसल्या, फुकट
राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' आणि हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हचा ऑनलाइन संग्रह आधी पाहा. काही फेऱ्या वाचतील.

होकार देण्यापूर्वी
मानधन, प्रवासभत्ता, कामाचे तास, प्रमाणपत्र आणि तुम्ही केलेल्या सूचीवर तुमचे नाव, या पाच गोष्टी लेखी घ्या. इंटर्नशिपसाठी कोणी उलट तुमच्याकडेच शुल्क मागितले, तर सरळ नकार द्या. शिफारसपत्र घेऊन वाचनकक्षात स्वतः बसलात, तरी तेवढेच शिकायला मिळेल.