खिडकी बंद, कूलर चालू

चंद्रपूरच्या ऊर्जानगरात माझी नोकरी बॉयलर विभागात गेली. २९२० मेगावॅटच्या या वीज केंद्रात कोळसा जळतो तो हवेच्या हिशेबावर. एफडी पंखा भट्टीत हवा ढकलतो, आयडी पंखा धूर ओढून चिमणीकडे पाठवतो. दोघांचा मेळ असा बसवतात की भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहावा. आयडी थांबला की एफडीही थांबवायचाच, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवतात. हाच हिशेब मी स्वतःच्या घरात विसरलो आणि तो माझ्या आईला भोगावा लागला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या आवारात वाघाने आणि शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने माणसे मारली. त्यानंतर वस्तीत कोणी अंगणात खाट टाकेना. खिडक्यांना गज होते, तरी दिवे लागले की तावदाने बंद व्हायची. उन्हाळा लागला तेव्हा खिडकीबाहेर स्टँडवर असलेला कूलर मी उचलून खोलीत आणला आणि खिडकी लावून घेतली. वर मनाशी म्हणालो, बरे झाले, गारवा बाहेर जाणार नाही.

नवतपा सुरू होता. पहिला तासभर खोली छान गार वाटली. मग उकडू लागले, म्हणून मी पंख्याचा वेग वाढवला आणि दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबले. रात्री दोनला आईने हाक मारली, "बापू, जीव घाबरा होऊन रायला." तिचे केस कपाळाला चिकटले होते, अंगावरचा घाम वाळत नव्हता, उशाजवळचे वर्तमानपत्र हाताला लिबलिबीत लागत होते. दार उघडल्यावर अंगणातली गरम हवा आत आली, आणि त्या हवेतच तिला बरे वाटले. तरी सकाळी दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले.

चूक कूलरची नव्हती. कूलर गारवा तयार करत नाही. तो पाणी वाळवतो आणि वाळताना पाणी हवेतली उष्णता घेते. एक लिटर पाणी वाळायला सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते, म्हणून साधारण दोनशे वॅटचा कूलर एवढे काम करतो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशाची कोरडी हवा कूलरच्या ओल्या ताट्यांतून नीट गेली, तर तिशीच्या आत येते. पण येताना ती ओली झालेली असते. ती बाहेर गेली नाही तर कूलर तीच ओली हवा पुन्हा ओढतो. तिच्यात आणखी पाणी मावत नाही आणि घामही वाळत नाही. वेग वाढवून मी फक्त ओलावा लवकर वाढवला.

म्हणून आता सांगतो. कूलरची पाठ बाहेरच हवी, शक्यतो सावलीत. त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. किती, ते उदबत्ती सांगते. कूलर चालू करून पेटती उदबत्ती त्या फटीजवळ धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. तो जागीच घुटमळला किंवा आत वळला, तर फट कमी-जास्त करून पाहा. आमच्या खोलीला वीतभर फट पुरते. जनावराची भीती असेल तर गजांवर आतून मजबूत लोखंडी जाळी ठोकून घ्या, पण तावदान लावू नका.

ताट्या दरवर्षी बदला. पंप चालू असताना एकदा मागून पाहा. वरच्या पन्हळीची भोके क्षाराने बुजली असतील तर ताटीवर कोरडे पट्टे दिसतात आणि तेवढ्या भागातून झळ तशीच आत येते. मी ती भोके दाभणाने मोकळी करतो. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करा. क्षार कमी होतो आणि डेंग्यूचे डास वाढत नाहीत.

विजेबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पत्र्याची टाकी, पाणी आणि ओले हात एकत्र येतात, म्हणून दोन पिनांचा प्लग कूलरला कधीही चालत नाही. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, आणि पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. लेकरांना टाकीला हात लावू देऊ नका.

मृगाच्या सरी आल्या की कूलरचा जोर संपतो. बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. आमच्याकडे ते आईच ठरवते. संध्याकाळी दोरीवरचे लुगडे वाळले नसले की ती सांगते, "आज पाणी नको सोडू."